मागची खोली

अकरा हिवाळे ती म्हणत आली,
मागची खोली गार आहे.
अकरा हिवाळे मी तिला आकडा दाखवला :
सत्तर. बघ. सत्तर.
थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये, आतल्या भिंतीला पाठ टेकून,
आणि ती तिकडे, दोन शालींत,
शिलाई मशीनपाशी बोटांवर फुंकर घालत.
आकड्याला हुडहुडी भरत नाही,
हे मला सुचलं नाही.

टोलीडोत जानेवारीचा वारा सरोवरावरून येतो
आणि पाल्हाळ लावत नाही.
त्या महिन्याचं गॅसचं बिल बघून
मी अखेर माणूस बोलावला.
तिच्यासाठी नाही, बिलासाठी.
हे इथेच नोंदवून ठेवतो.

ओडेल प्रुइट. सत्तरीचा, गुडघ्यांना रबरी वाट्या,
टोपीवर कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं नाव.
थर्मोस्टॅटकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.
मागच्या खोलीत गेला, वाकला,
जमिनीतल्या जाळीवर तळहात धरला
वैद्य नाडी बघतो तसा,
आणि शाल्मलीला विचारलं, "किती वर्षं?"
"अकरा," ती म्हणाली.
माझ्याकडे न बघता.

धुराची कांडी त्याच्या ट्रकमध्ये संपली होती.
तिनं देवापुढचा उदबत्तीचा पुडा दिला, मोगरा.
घराखालच्या पोकळीत आम्ही दोघं आडवे,
तो पुढे, मी मागे,
पत्र्याच्या नळीखालून उदबत्ती फिरतेय
ओवाळल्यासारखी.
धूर सरळ चढत होता, सरळ, सरळ,
आणि एका सांध्यापाशी एकदम पळाला,
कुणी हाकलल्यासारखा.

तीन बोटं फट.
वर जुनी डक्ट टेप, सापाच्या कातीसारखी लोंबलेली.
"नावात डक्ट," ओडेल म्हणाला,
"आणि नेमकी तिथंच टिकत नाही."
खाली वाळक्या पानांचं अंथरूण,
गुलाबी काचलोकर त्यावर नीट पसरलेली :
कुणा अपॉसमनं तीनचार हिवाळे
इथे ऐषारामात काढलेले. माझ्या पैशानं.
वर जाऊन सांगितलं तर शाल्मली हसली.
"चला," म्हणाली, "कुणाला तरी लागली ऊब."

"मी केलं तर नऊशे डॉलर," ओडेल म्हणाला.
"नाहीतर लेपाचा डबा चाळीसचा
आणि गुडघे तुमचे."

रविवारी मी पोटावर सरपटत.
कपाळाला दिवा, कोपरात खडे.
सांध्याला तीन स्क्रू, वर जाळीची पट्टी,
त्यावर राखाडी लेप, थालीपिठाच्या पिठाएवढा घट्ट,
ब्रशनं, मग ब्रश टाकून बोटांनीच.
ती वर, जाळीवर हात धरून.
"आली?"
"नाही."
"आता?"
"जराशी."
तिचा आवाज नळीतून येत होता,
पत्र्याचा, पण इतका जवळ
की एका पांघरुणातही कधी आला नसेल.
अकरा वर्षं ती वरून बोलत असणार
आणि ते सगळं या फटीतून
त्या जनावराच्या कानी पडत असणार.

खालच्या अंगाला कानीभर फट उरली होती.
ती लिंपली, अंगठा फिरवला, आणि मग
पत्र्याला तोंड लावून मी म्हणालो,
तुझंच खरं होतं.
वाक्य लेपावर आपटलं
आणि माझ्याच नाकाशी परत आलं, मोगऱ्याच्या वासासकट.
वरून काही नाही.
पहिल्यांदाच नळीत फक्त हवा होती,
जिथे जायची तिथे जाणारी.

वर आलो तेव्हा एक शाल खुर्चीवर.
जाळीवर तिनं वाळत घातलेले मोजे
आतून पाय असल्यासारखे फुगलेले.
पॅसेजमध्ये आकडा सत्तरच.

"खाली काही बोललास का?"

मी दारात. कोपरापर्यंत राखाडी.
"हात धुऊन येतो," म्हणालो.
"आधी सांग," ती म्हणाली.